बाईंची रेघ

बाईंचा हात कापतो, ही गोष्ट दुबईत रास अल खोरच्या आमच्या शेडमध्ये फक्त मला माहीत होती. आणि ती पोटात ठेवून ठेवून माझंच ब्लडप्रेशर वाढायला लागलं होतं. मी मुळात पोटात काही ठेवणाऱ्यातली नाही. मनात आलं की ओठावर, ओठावर आलं की भांडण, असा माझा लौकिक आहे, नवऱ्याला विचारा. पण बाईंनी माझा दंड धरून सांगितलं होतं, "भिंत पूर्ण होईपर्यंत कुणालाही नाही. तुझ्या घरीसुद्धा नाही." मग काय, तोंडाला कुलूप.

बाई म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या मालकीण. पोर्तुगीज, सत्तरी ओलांडलेल्या, उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या, आणि आवाज असा की शेजारचा स्पेअर पार्टवाला आपला ग्राइंडर बंद करायचा. त्या टाइल्सवर चित्रं रंगवायच्या. मी त्यांच्याकडे कागदोपत्री ऑफिस मॅनेजर. खरं म्हणजे लोकांचे व्हिसा, कस्टम्समध्ये अडकलेली माती, एसीवाल्याशी भांडण, बाईंच्या दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं मीच. आधीच्या कंपनीने एके दिवशी "खलास" म्हणून हातात नारळ दिला आणि मी इथे येऊन पडले. पहिल्याच दिवशी बाई स्वतःच्या भाषेत पुटपुटत टेबलाचे खण उपसत होत्या. त्यातला एक शब्द मला ओळखीचा वाटला.

"चावी शोधताय का?" मी विचारलं.

बाई चमकून बघायला लागल्या. मग चावीवरून साबण, साबणावरून घमेलं, घमेल्यावरून पाव, पगार असं करत आमची तासभर करमणूक झाली. "म्हणजे पगार तुमच्याकडे आमच्या लोकांनी आणला!" बाई खूश होऊन म्हणाल्या. "आणला," मी म्हटलं, "पण वाढवायचा कसा ते सांगायचं विसरले." तिथून आमचं जमलं.

त्या वर्षी आमच्याकडे एका नव्या हॉस्पिटलची भिंत होती. लहान मुलांच्या विभागाच्या लॉबीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळी नदी. बाईंच्या गावातून निघालेली. काठाने सात बायका डोक्यावर घागरी घेऊन चालल्या आहेत, आणि जाता जाता तीच नदी दुबईची खाडी होते, तिच्यात अब्रा नावाच्या होड्या, पलीकडे क्रेन. करारात एक वाक्य होतं: सगळं रंगकाम बाईंच्या स्वतःच्या हातचं. ते वाक्य बाईंनीच हट्टाने घालून घेतलं होतं, हात धडधाकट होता तेव्हा. ही भिंत झाली की शेड बंद करून बहिणीकडे, आपल्या गावी जायचं, हेही ठरलेलं. "शेवटची भिंत माझ्या हातची झाली पाहिजे," एवढं एकच त्यांचं म्हणणं. आणि काम सुरू होऊन जेमतेम महिना झाला असेल नसेल, तोवर उजव्या हाताने दगा दिला.

मला कळलं ते दाराच्या कडीमुळे. बाई आतल्या खोलीत आतून कडी लावून काम करायला लागल्या. आयुष्यभर कामगारांच्या गलक्यात, रेडिओ लावून रंगवणारी बाई, कडी लावते? मी एकदा दार बडवून बडवून आत शिरले. टेबलावर हात पालथा पडलेला होता, आणि आपोआप हलत होता. बाई त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारख्या रागाने बघत होत्या. डॉक्टरने गोळी दिली. गोळी घेतली की दीड-दोन तास हात शांत. तेवढ्यात जेवढं होईल तेवढं रंगवायचं, मग कडी काढून बाहेर यायचं आणि उरलेला दिवस हात ॲप्रनच्या खिशात. लोकांना वाटायचं, म्हातारी मिजासखोर झाली.

हे लपवायचं कुणापासून, तर मुख्य म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरपासून. हॉस्पिटलच्या कॉन्ट्रॅक्टरकडचा हा गृहस्थ पुण्याचा. आपला माणूस म्हणून मी आधी हुरळले होते. पण आपला माणूस सगळ्यात वाईट, कारण त्याच्यासमोर मराठीत कुजबुजता येत नाही. "ताई, टाइमलाइन बघा हो," तो दर भेटीत म्हणायचा. "क्लायंट माझ्या डोक्यावर बसलाय. इन्शाल्ला इन्शाल्ला करून किती ढकलायचं? नाहीतर सोपं आहे, डिझाइनचे स्कॅन आहेत आमच्याकडे. उरलेलं मशीनवर प्रिंट मारू. दहा फुटांवरून देवालासुद्धा कळणार नाही."

"देवाला कळो न कळो, मला कळेल," मी म्हटलं. वरून हसत म्हटलं, पण आतून मला ठाऊक होतं. हात बिघडलाय हे याला कळलं की संपलंच. कराराचं तेच वाक्य दाखवून हे लोक भिंत काढून घेणार आणि मशीनच्या घशात घालणार.

बाईंना मशीनचं नाव काढलेलं चालायचं नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्यांचे वडील टाइलच्या कारखान्यात भट्टीवर होते. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर त्यांनी तिला त्याच कारखान्यात बॉर्डर रंगवायला बसवलं. पान, फूल, पान, फूल, दिवसभर. मुकादम मागून फिरायचा आणि वाकडी रेघ दिसली की टाइल सरळ जमिनीवर आपटायचा. बाई सांगायच्या, "त्याने माझी रेघ सरळ केली. मी त्याला अजून माफ केलेलं नाही." संध्याकाळी त्या चित्रकलेच्या वर्गाला जायच्या. पुढे मोठ्या शहरात कॅनव्हासची प्रदर्शनं केली. पण चित्रकार म्हणायचे ही टाइलवाली, आणि टाइलवाले म्हणायचे ही स्वतःला चित्रकार समजते. धड ना इकडची ना तिकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबईला आल्या. पुढे नवरा दुसरीबरोबर निघून गेला आणि बाई इथेच राहिल्या. "मला भट्टी लागायची, त्याला बायको लागायची," इतकंच त्या विषयावर बोलायच्या. या शेडमध्ये त्यांनी हॉटेलांच्या बाथरूममधले मासे रंगवले, कुणाकुणाच्या व्हिलातली डाळिंबं रंगवली, आणि मग हळूहळू मोठ्या भिंती मिळायला लागल्या. मागच्या खोलीत कॅनव्हास रचून ठेवलेले होते: बसची वाट बघत फुटपाथवर उकिडवे बसलेले कामगार, भाजी मार्केटमधले टेम्पो. ते कुणी फारसे घेतले नाहीत. मला ते आवडायचे, पण आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा लावल्यावर भिंतच उरत नाही.

त्यांच्या कामातली मुख्य मेख सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा भाजलेली टाइल पांढऱ्या ग्लेझमध्ये बुडवून काढतात. ती वाळली की वर पिठासारखा थर राहतो. त्या पिठावर रंगवायचं. ब्रश टेकला रे टेकला की पीठ रंग पिऊन टाकतं. खोडता येत नाही, पुसता येत नाही, वरून दुसरी रेघ मारली तर दोन्ही दिसतात. बोट लागलं तरी पीठ बोटाला येतं आणि खाली डाग पडतो. चुकलं तर अख्खी टाइल नळाखाली धुवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची आणि पहिल्यापासून सुरू. भट्टीतून निघाली की काचेसारखी पक्की, मग तिच्यावर कढई घासा. पण भट्टीत जाईपर्यंत कच्च्या टाइलला हात लावायचा नाही, हा शेडचा कायदा. कुडाळकडचे आमचे मिस्त्री नव्या माणसाला पहिल्या दिवशी दम द्यायचे, "टायलीक हात लावलंस तर हात मोडान ठेवीन."

हा कायदा सगळ्यांना माहीत होता. माझ्या सासूबाईंना सोडून.

सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिजिटवर आल्या होत्या. सासरे विमानाला घाबरतात, ते आले नाहीत. दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्या बसून त्या कंटाळल्या होत्या. नातीशी बोलावं तर ती ऊद मेथा भागातल्या शाळेतून आली की "आजी, आय हॅव होमवर्क" म्हणून दार लावून घेते. त्यातून खंडेनवमी आली. आमच्या शेडमध्ये दरवर्षी हत्यारांची पूजा असते. भट्टीला झेंडूची माळ, माती मळायच्या मशीनला हळदकुंकू, ब्रशांची जुडी पाटावर. बाईंना ती पूजा फार आवडायची. त्यांच्या गावी भट्टी पेटवण्याआधी दारावर क्रॉस ओढायचे म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "मला घेऊन चल, मी व्यवस्थित मांडून देते. तुम्ही लोक नुसती अगरबत्ती ओवाळून मोकळे होता." घेऊन गेले. वाटेत नारळ घेतला, तर "अडीच दिरहम? म्हणजे साठ रुपये! इतकासा नारळ?" म्हणून रास अल खोर येईपर्यंत ऐकवलं.

त्याच सकाळी बाईंनी घागरीवाल्यांपैकी शेवटच्या बाईचा चेहरा संपवला होता. सात बायका, सात चेहरे, एकेका टाइलवर एकेक. भिंतीतलं सगळ्यात अवघड काम, कारण बाकीच्या पाण्यात आणि झाडांत एखादी रेघ हलली तरी खपते, चेहऱ्यात खपत नाही. कित्येक आठवडे गोळीच्या त्या दोन-दोन तासांत बाईंनी ते चेहरे काढले होते. त्या दिवशी त्या कडी काढून बाहेर आल्या त्या हसतच. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "झालं. आता फक्त भट्टी." मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली. आनंदाच्या भरात आतल्या खोलीचं दार उघडं राहिलं.

आरती झाली. प्रसाद वाटत होतो. मिस्त्री भट्टीला नमस्कार करत होते, बाई हात जोडून उभ्या होत्या, खिशात हात नव्हता तर निदान जोडलेला होता, म्हणजे कापलेला दिसत नव्हता. मी सहज विचारलं, "आई कुठे गेल्या?"

सासूबाई आतल्या खोलीतून येत होत्या. हातात तबक. चेहऱ्यावर मोठं पुण्य पदरात पडल्याचं समाधान.

"अगं, आत त्या बायका एवढ्या सुंदर काढल्यात," त्या म्हणाल्या, "आणि सणावारी पांढऱ्या कपाळाच्या ठेवल्या होत्या ना! लावलं मी सगळ्यांना कुंकू."

माझ्या हातातला शिऱ्याचा द्रोण पडला. आत धावले. सातही टाइल्सवर, सातही कपाळांवर, ओलं कुंकू. ओल्या बोटाला पीठ चिकटून आलेलं, खालची विटकरी टाइल उघडी पडलेली, आणि वाळलेला रंग पाण्याने सुटून भुवयांवरून डोळ्यांत ओघळलेला. एकीच्या गालाला सासूबाईंनी वर हळदीचं बोटही पुसलं होतं. एकही वाचली नव्हती. सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय दारातून जाऊ द्यायचं नाही, हे ज्यांच्या रक्तात आहे त्यांच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं.

मी काय काय बोलले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. सगळ्यांसमोर बोलले. "अक्कल गहाण ठेवलीत का?" इथपर्यंत गेले. सासूबाई तबक धरून तशाच उभ्या. बाई माझ्यामागून आत आल्या. त्यांनी सातही टाइल्स वाकून बघितल्या. मग मला म्हणाल्या, "ओरडू नकोस. तिने असं का केलं?"

मी सांगितलं. नवरा जिवंत असलेल्या बाईचं कपाळ मोकळं ठेवत नाहीत, म्हणून.

"यांचे नवरे जिवंत आहेत हे तिला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या. मग त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर डावा हात ठेवला, मिस्त्रींना टाइल्स धुवायला सांगितलं आणि खोलीतल्या खुर्चीवर बसून राहिल्या. नळाखाली सात चेहरे धुवून गेले. मिस्त्री धुता धुता नाक ओढत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा, पण सोनं लुटायची कुणाला इच्छा नव्हती. पुणेकराचा फोन आला. कुठून कुणास ठाऊक, त्याला कळलं होतं. "ताई, फेसेस डॅमेज झालेत म्हणे. कमिटी पंधरवड्यात अप्रूव्हलला येतेय. मी स्पष्ट सांगतो, सात तर टाइल्स आहेत. प्रिंट करून टाकू." घरी मुलगी म्हणाली, "आई, जस्ट प्रिंट इट. हू केअर्स?" मी तिच्यावरही ओरडले. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि मीही माघार घेत नव्हते.

बाई पुन्हा कडी लावून बसल्या. पण आता मला आत घेऊन. गोळी घेतली, वाट बघितली, ब्रश उचलला. पहिल्या चेहऱ्याची भुवई आली, नाक अर्धं आलं, आणि हात हलला. धुतली. पुन्हा बुडवली. दुसऱ्या दिवशी नाक आलं आणि ओठ गेला. घाईने असेल, धसक्याने असेल, पण दोन तासांचा एक तास झाला, आणि तासाचं मग काहीच राहिलं नाही. आठवडा संपला तेव्हा एकही चेहरा झालेला नव्हता. बाईंनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या, "फोन कर त्याला. प्रिंट कर म्हणावं."

मी फोन हातात घेतला आणि मला रडूच फुटलं. बाईंवर रडले, सासूवर रडले, गोळ्या बनवणाऱ्यांवर रडले. फोन केला, पण फक्त "येऊन जा" म्हणाले. बाकीचं तोंडातून निघेना.

आणि ज्या दिवशी तो यायचा, नेमक्या त्याच दिवशी सासूबाई हट्टाला पेटल्या. "मला त्या बाईंची ओटी भरायची आहे. माफी मागायची आहे. तू नेलं नाहीस तर मी टॅक्सी करून जाईन." जाणार कुठे, पत्ता माहीत नाही, भाषा येत नाही. पण त्या खरंच चप्पल घालून लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. नेलं.

पुणेकर ऑफिसात बसलेला होता, लॅपटॉप उघडून. बाई समोर. सासूबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खणाचं कापड, नारळ, मूठभर तांदूळ घेऊन त्या बाईंपुढे उभ्या राहिल्या. ओटीत घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागतात. बाईंना कुठे माहीत? सासूबाईंनी पदर पसरून खूण केली. तशी बाईंनी ॲप्रनच्या खिशातून दोन्ही हात काढले आणि पदरासारखा ॲप्रन पुढे धरला. तांदूळ ॲप्रनवरून उडायला लागले, इतका उजवा हात कापत होता. सासूबाईंनी नारळ खाली ठेवला, तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाल्या,

"अगं बया, हिला तर कंपवात झालाय! आमच्या मामंजींना होता तस्साच."

मराठीत म्हणाल्या. खणखणीत. आणि मी वळून बघितलं तर पुणेकराचं लॅपटॉपवरचं बोट तिथेच थांबलेलं. त्याने बाईंच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा बघून त्याला उरलंसुरलं सगळं कळलं.

"काय म्हणाली ती?" बाईंनी मला विचारलं.

"तुमचे हात गार पडलेत म्हणाल्या."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

मग सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांना हेच होतं म्हणाल्या, म्हटलं. मला वाटलं बाई संतापतील. त्या सासूबाईंकडेच वळल्या. "हात कापायचा तेव्हा ते काय करायचे?" मला म्हणाल्या, "विचार तिला."

विचारलं. सासूबाईंना तो प्रश्नच खुळा वाटला. "करणार काय? तसंच जेवायचे. सांडायचं, आमटी धोतरावर जायची. मी म्हणायची, मामंजी, भरवते. तर अंगावर यायचे. मरेपर्यंत दुसऱ्याच्या हातून घास नाही घेतला."

मी शब्द न शब्द सांगितला. बाईंनी सासूबाईंचा हात घट्ट दाबला. मग पुणेकराला म्हणाल्या, "मला कमिटी येईपर्यंत वेळ दे."

त्याने लॅपटॉप बंद केला. मला मराठीत म्हणाला, "ताई, मी काही ऐकलं नाही. माझी नोकरी आहे, मुलं आहेत. कमिटीने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण आपणहून काही सांगणारही नाही." जाताना त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मला त्याचा राग करायचा होता, तो नीट जमला नाही.

त्या दिवसापासून बाईंनी गोळीची वाट बघणं सोडलं. कडीही लावली नाही. सकाळी येऊन बसायच्या, ब्रश उचलायच्या आणि कापत्या हाताने रंगवायच्या. रेघ थरथरत यायची, कपाळावर तुटायची, गालावर पुन्हा सापडायची. मिस्त्री दारात उभे राहून बघायचे. बाईंनी एकही टाइल धुतली नाही. आले तसे सातही चेहरे भट्टीत घातले.

भट्टी उघडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. मिस्त्री म्हणाले, "बघा तरी ताई." बघितलं. निळा रंग सुरेख उतरला होता. पण त्या बायका वेगळ्याच होत्या. आधीच्या देखण्या होत्या. या दमलेल्या, उन्हातून चालून आलेल्या, घागर जड झालेल्या बायका होत्या. मला त्या जास्त आवडल्या, पण बाकीच्या भिंतीतल्या रेघेशी या रेघेचं काडीचंही साम्य नव्हतं.

कमिटी आली. शेडच्या जमिनीवर अख्खी नदी मांडलेली. कमिटीत मुख्य होत्या हॉस्पिटलच्या एक इमिराती डॉक्टरबाई, काळ्या अबायातल्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर त्यांचा आर्ट कन्सल्टंट, गळ्यात चष्मा अडकवलेला. तो नदीच्या काठाकाठाने फिरला, मान डोलावली, "वंडरफुल" म्हणाला, आणि घागरीवाल्यांपाशी येऊन उकिडवा बसला. चष्मा लावला.

"हे चेहरे यांनी केलेले नाहीत," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "हा हात दुसरा आहे. कुणा असिस्टंटचा. चाळीस वर्षं यांची रेघ अशी नाही. आणि करारात स्पष्ट आहे, सगळं काम स्वतःच्या हातचं."

माझ्या डोक्यात सणक गेली. याच हाताने, याच बाईने, तुझ्यासाठी जीव टाकून काढलेले चेहरे, आणि तू म्हणतोस दुसऱ्याचे? पण बोलायचं म्हणजे बाईंचं आजारपण चव्हाट्यावर मांडायचं, आणि ती परवानगी मला नव्हती. गप्प राहायचं म्हणजे ते चेहरे खोटे ठरणार, करार मोडला म्हणून बाई खोट्या ठरणार, आणि त्यांच्या शेवटच्या भिंतीत मशीनच्या सात बायका लागणार. पुणेकर स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" डॉक्टरबाईंनी बाईंना विचारलं.

बाई टेबलापाशी गेल्या. फळीवरून ग्लेझ लावलेली एक कच्ची टाइल काढली, टेबलावर ठेवली. मिस्त्रींनी रंगाची वाटी पुढे केली. बाईंनी खिशातून उजवा हात काढला. सगळ्यांना तो दिसला. ब्रशच्या टोकावरचा थेंब टाइलवर पडण्याआधीच टेबलावर उडाला. बाई रंगवायला लागल्या. भुवई. नाक. रेघ थरथरत निघाली, तुटली, पुन्हा सापडली. कन्सल्टंट अर्ध्यातच म्हणाला, "प्लीज, पुरे, आय अंडरस्टँड." बाईंनी मान वर केली नाही. ओठ काढले, हनुवटी काढली, घागरीचा काठ काढला.

"केव्हापासून?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं. त्या डॉक्टर होत्या, त्यांना वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

"तुमची भिंत सुरू झाली, त्यानंतर महिन्याभरात," बाई म्हणाल्या. "बाकीची नदी मी हात झोपलेला असताना रंगवली. या सातजणी तो जागा असताना."

कन्सल्टंट पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला. टेबलावरच्या टाइलकडे बघत तो म्हणाला, "ही फार सुंदर आहे. हीसुद्धा भाजून आम्हाला द्याल का? लॉबीत वेगळी लावू. खाली तुमची गोष्ट लिहू."

बाईंनी बादलीतला ओला स्पंज घेतला आणि त्या चेहऱ्यावरून फिरवला. एकदा, दोनदा. टाइल विटकरी झाली.

"ही तुमच्या खात्रीसाठी होती," त्या म्हणाल्या. "भिंतीत सातच आहेत."

डॉक्टरबाईंनी त्या पुसलेल्या टाइलकडे बघितलं. मग म्हणाल्या, उद्या सकाळी ट्रक पाठवते, सगळ्या टाइल्स आहेत तशा पॅक करून ठेवा.